मोबाइलचा स्पीकर आणि वाहकाचे एक वाक्य

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

दूरसंचार खात्यात ३४ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. आठवड्यातून दोनदा सुभाषनगरहून नागपूर मेट्रोने लकडगंजला थोरल्या भावाकडे जातो आणि योगायोग असा, की ज्या स्थानकावर उतरतो त्याचे नावही टेलिफोन एक्स्चेंजच आहे. सीताबर्डीपासून प्रजापतीनगरपर्यंतचा हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि सेंट्रल अव्हेन्यूवरच्या धुरातून, हॉर्नमधून माझी सुटका झाली. मात्र डब्यातली शांतता फार तर दोन स्थानके टिकते. मग कोणीतरी रील लावतो, दुसरा व्हिडिओ कॉलवर घरच्यांना आख्खा डबा फिरवून दाखवतो (त्यात डुलकी घेणारा मीही असतो), आणि तिसरा आपल्या मेहुण्याशी चाललेला प्लॉटचा व्यवहार रकमेसकट सगळ्यांना ऐकवतो.

हा त्रास नवा नाही आणि त्यावर आपल्या सदरात पूर्वीही पत्रे आली असतील. मला त्यातल्या एकाच बाजूबद्दल लिहायचे आहे. स्पीकर बंद करा, हे सांगायचे कोणी?

त्याआधी माझ्या जुन्या कामातले थोडे सांगतो. लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज हलकासा परत ऐकू येईल अशी सोय मुद्दाम केलेली असे. आम्ही तिला साइडटोन म्हणत असू. तो कमी झाला की माणूस नकळत ओरडू लागे आणि जास्त झाला की पुटपुटू लागे, म्हणून त्याचे प्रमाण ठरलेले असे. आजूबाजूला गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे तर लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच नोंदवले होते. आता धावत्या बसमध्ये फोन हातभर लांब धरून स्पीकरवर बोलणाऱ्याचे काय होत असेल, हे निराळे सांगायला नको. पलीकडचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवतो, आणि आपल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर पलीकडच्यालाही येत नसणार असे समजून स्वतःही ओरडतो. बहुतेकांचा यात उद्धटपणा नसतो. आपण ओरडतो आहोत हे त्यांना खरोखरच कळत नाही. दोन्ही कानांत इअरफोन घालून बोलणाऱ्यांचेही तेच होते, कारण कान बुजले की स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. बोलताना एक कान मोकळा ठेवला तर आवाज पुष्कळच खाली येतो, करून पाहावे.

शेजारच्या दोन मैत्रिणींच्या गप्पांपेक्षा एकाचेच फोनवरचे बोलणे जास्त का खुपते, यावरही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोग केले होते. अर्धाच संवाद ऐकू आला की पुढचे वाक्य काय असेल याचा अंदाज मेंदूला बांधता येत नाही, त्यामुळे आपली इच्छा नसताना लक्ष तिकडे ओढले जाते, असे त्यांना आढळले. एसटीडी बूथला काचेची केबिन असायची ती काही उगीच नव्हती. आत बसून लोक मोठमोठ्याने बोलत आणि बाहेरच्या रांगेला फक्त त्यांचे हातवारे आणि मीटरचे तांबडे आकडे दिसत. मोबाइल आला तेव्हाही सुरुवातीची काही वर्षे पैशानेच आवर घातला, कारण २००३ पर्यंत आलेल्या कॉललाही पैसे पडत आणि लोक दोन वाक्यांत बोलणे आटोपत. आता केबिनही गेली आणि मीटरही गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे मुंबईहून रात्रीच्या गाडीने परत येत होतो. नाशिक रोड मागे पडले, दहा वाजून गेले, दिवे मालवले गेले, आणि वरच्या बर्थवरच्या एका तरुणाने कुठल्याशा जुन्या क्रिकेट सामन्याचे समालोचन स्पीकरवर लावले. सौभाग्यवतींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. मी उठून म्हटले, "बाळा, आवाज जरा कमी करतोस का?" त्याने खाली न पाहताच उत्तर दिले, "काका, तुम्हाले लय त्रास होऊन राहिला तर कानात कापूस टाका ना." बोली ऐकून तो आपल्याच मुलखातला असल्याचे कळले, एवढेच त्यातले समाधान. आजूबाजूचे सहा जण जागे होते, पण कोणी काही बोलले नाही. मीही गप्प बसलो.

आता दुसरी बाजू. दोन महिन्यांनी धंतोलीतल्या एका रुग्णालयात नंबर यायची वाट पाहत मी हैदराबादच्या मुलीशी बोलत होतो, तोही स्पीकरवर, कारण उजव्या कानाने मला कमी ऐकू येते. तेव्हा तिथल्या परिचारिकेने जवळ येऊन हळूच सांगितले, "आजोबा, फोन कानाला लावता का, आत पेशंट झोपलेत." मी ओशाळलो आणि तत्काळ स्पीकर बंद केला. राग यायचे काही कारणच नव्हते, कारण सांगणारीचे ते कामच होते. हेच जर शेजारी बसलेल्या एखाद्या गृहस्थाने सांगितले असते तर मीही कदाचित "तुम्ही कोण सांगणारे?" असे म्हणून गेलो असतो. या वयातही माणसाचा भरवसा नसतो.

नियम कमी आहेत असे नाही. रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने बोलू नये आणि इअरफोनशिवाय गाणी लावू नयेत, असे रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि त्याची जबाबदारी गाडीतल्या कर्मचाऱ्यांवर टाकली. मुंबईत 'बेस्ट'ने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या बसगाड्यांत स्पीकरवर गाणी, व्हिडिओ लावण्यास मनाई केली. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १४५ उपद्रवाबद्दलच आहे. पण हे सगळे तक्रार झाल्यानंतरचे. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन लावायचा म्हणजे आधी भांडण व्हायला हवे, झोप मोडायला हवी, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्यासमोरच पुढचे आठ तास काढायची तयारी हवी.

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. नागपूरच्या 'आपली बस' या शहर बससेवेत वाहक तिकिटासाठी प्रत्येकाजवळ जातातच. कोणाचा फोन स्पीकरवर दिसला तर तिकीट फाडतानाच त्यांनी "आवाज बंद करा, नाहीतर इअरफोन लावा" असे म्हणावे. रेल्वेत तिकीट तपासनिसाने रात्रीच्या तपासणीत प्रत्येक कप्प्यात हेच एक वाक्य बोलावे, म्हणजे दहा वाजता कोणा म्हाताऱ्याला उठावे लागणार नाही. मेट्रोत वाहक नसतो, पण फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहायला सांगणारे सुरक्षारक्षक असतात आणि त्यांचे सगळे जण निमूटपणे ऐकतात, हे मी दर खेपेला पाहतो. गाडीत चढण्याआधीच त्यांनी हेही सांगावे. केवळ पाटी लावून भागणार नाही, कारण रील पाहणाऱ्याची नजर पाटीकडे जातच नाही. ज्यांना माझ्यासारखे ऐकायला कमी येते त्यांच्याशी थोडे सबुरीने बोलावे, एवढे मात्र या कर्मचाऱ्यांना आधी समजावून द्यावे लागेल.

मेट्रोच्या, 'आपली बस'च्या आणि रेल्वेच्या अधिकाऱ्यांपर्यंत हे पोचावे म्हणून आपल्या वृत्तपत्रात जागा मागत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी,
त्रिमूर्तीनगर, नागपूर