बोटीचं बूड पुसावं, खरवडायची वेळ आणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बोटीच्या देखभालखर्चावरचा लेख वाचला. इंजिन, दोरखंड, बॅटऱ्या यांबद्दल लेखकाने लिहिलंय ते अनुभवाचं आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पाण्याखालच्या सफाईवर त्यांनी चारच ओळी खर्च केल्या आणि त्यात सल्ला दिला, की बोट जड चालायला लागली की पाणबुड्या बोलवावा, वर्षातून एकदा पुरतं, तेवढीच बचत. मी वीस वर्षं हेच काम केलं. कान कामातून गेले म्हणून थांबलो. ही 'बचत' करणाऱ्यांच्या बोटी मी खालून पाहिल्या आहेत, म्हणून हे पत्र.

बोट जड चालतेय हे सुकाणूवरच्या माणसाला कळतं तोवर खाली बराच उशीर झालेला असतो. बूड पाण्यात गेल्यावर काही तासांतच त्यावर जिवाणूंची न दिसणारी साय धरते. काही दिवसांनी तिचा बुळबुळीत थर होतो, मग हिरवं शेवाळ येतं आणि त्यामागून कवचवाले जीव येतात. पाणी कोमट असेल आणि बोट नुसती बांधून ठेवली असेल, तर हे सगळं फार झपाट्याने होतं. रोज चालणाऱ्या बोटीपेक्षा धक्क्याला उभी असलेली बोट जास्त माखते, हे नव्या मालकांना खरंच वाटत नाही.

नुसत्या बुळबुळीने काय बिघडतं, असं विचारणारे पुष्कळ भेटले. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले मायकेल शुल्ट्झ यांनी 2007 साली फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेचं गणित मांडलं होतं. 15 नॉट (ताशी सुमारे 28 किलोमीटर) वेग राखायचा, तर जाड बुळबुळीत थरामुळे सुमारे 21 टक्के जास्त शक्ती लागते आणि दाट कवचं धरली तर 86 टक्के. आपल्या छोट्या बोटीला हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण सफाईचं बिल पाहून तोंड वाकडं करणारा मालक डिझेलचं बिल मात्र निमूट भरतो, त्याने ते एकदा डोळ्यांखालून घालावेत.

कवचांमध्ये मुख्य त्रास बार्नॅकलचा. त्याचं पिल्लू पाण्यात तरंगत फिरतं, जागा पसंत पडली की डोकं खाली करून तिथेच स्वतःला चिकटवून घेतं आणि उरलेलं आयुष्य पायांनी अन्न तोंडात ओढत काढतं. ते कोवळं असेपर्यंत, मसुराच्या दाण्याएवढं, प्लॅस्टिकच्या पट्टीने टचकन निघतं. मोठं झालं की लोखंडी पट्टी घ्यावी लागते. वरचं कवच फुटतं, पण खाली नाण्यासारखी पांढरी गोल चकती रंगाला घट्ट धरून राहते. ती काढायला गेलं की रंगाचा पोपडा घेऊनच येते. ठेवली तर त्या खडबडीत जागी पुढची पिल्लं पहिली येऊन बसतात, कारण आपल्या जातीची खूण त्यांना ओळखता येते. म्हणजे दोन्हीकडून तोटा, आणि तो त्या एका सफाईच्या दिवशी नव्हे, तर आधीच्या अकरा महिन्यांत झालेला.

आता रंगाबद्दल, कारण खरा पैसा तिथे आहे. बुडाच्या रंगात बहुधा तांब्याचा ऑक्साइड असतो. तो हळूहळू पाण्यात सुटत राहतो, म्हणून जीव तिथे टिकत नाहीत. या युक्तीचा इतिहास मोठा मजेशीर आहे. ब्रिटिश नौदलाने 1761 साली 'अलार्म' या लाकडी युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला. बूड स्वच्छ राहिलं, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेले. पुढे पत्रा झिजतो ही तक्रार आली, तेव्हा 1824 साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी पत्र्याला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडायची शक्कल काढली. पत्र्याचं झिजणं थांबलं, शास्त्र बरोबर ठरलं. आणि 'समारंग' ही जोडणी केलेली नौका सफरीवरून परतली ती शेवाळ आणि बार्नॅकलने माखून! तांबं झिजेनासं झालं, तशी त्याची राखणही संपली.

तेव्हा तांबं झिजायलाच हवं, मात्र त्याच्या चालीने. झिजत जाणाऱ्या मऊ रंगावर कडक ब्रश चालवला की टॉर्चच्या उजेडात हातमोज्याभोवती लाल ढग उठतो. रंग निळा असेल तर निळा. पाणबुड्याला पुढचं दिसेनासं होतं आणि ढग विरेपर्यंत थांबावं लागतं. पाण्याबाहेर हे कुणाला कळत नाही. बोट चकाचक झाली म्हणून मालक खूश असतो, पण सहा महिन्यांचा रंग अर्ध्या तासात पाण्यात गेलेला असतो. मऊ रंगाला जाजमाचा तुकडा किंवा मऊ फडकं बास होतं. टणक रंगाला थोडा जोर चालतो. सिलिकॉनच्या गुळगुळीत लेपाला फार जपावं लागतं, एक ओरखडा पडला की तिथूनच बिघाड सुरू होतो. आपल्या बोटीला कुठला रंग आहे, हे दहापैकी सहा-सात मालकांना माहीत नसायचं. मी खाली जाऊन बोटाने चोळून बघायचो आणि वर येऊन त्यांना सांगायचो.

खर्चाचा हिशेब सरळ आहे, पण तो एकत्र मांडला जात नाही. पाणबुड्याचा दर साधारण बोटीच्या लांबीवर, फुटाप्रमाणे असतो. त्यावर दोन बुडांची बोट असेल, बोट ढकलणारे पंखे (प्रोपेलर) दोन असतील किंवा वाढ दाट असेल, तर जादा आकार. पंख्याऐवजी स्वतः झिजावा म्हणून बुडाशी लावलेला जस्ताचा तुकडा बदलला तर त्याचे वेगळे. वर्षाने एकदा बोलावणारा मालक हा जादा आकार हमखास भरतो. तरीही त्याला वाटतं आपण वाचवलं, कारण बारा बिलांऐवजी एकच आलं. बोट वर काढण्याचा खर्च तो यात धरतच नाही. क्रेन, दाबाच्या पाण्याने धुणं, जमिनीवर जागेचं दिवसागणिक भाडं, घासकाम, रंग, मजुरी, शिवाय तेवढे दिवस बोट बंद. हे सगळं दोन वर्षांनी करायचं की वर्षाच्या आतच, हे पाण्याखाली ब्रश कसा फिरला यावर ठरतं. महिन्याला हलक्या हाताने पुसणं हा माझ्या मते रंगाचा विमा आहे. थंड पाण्यात दोन महिन्यांनी चालेल. नव्या रंगाला मात्र सुरुवातीचे काही आठवडे हातही लावू नये. तेव्हाही पाणबुडे पाठवून पैसे घेणारे आमच्या धंद्यात होते, ते मी झाकून ठेवत नाही.

पंख्याचं मात्र वेगळं आहे. त्याला बुडाचा रंग बहुधा नसतो, त्यामुळे कवचं तिथे आधी धरतात आणि इंजिनावर त्याचा भार लगेच जाणवतो. बुडाची सफाई पुढे ढकलायचीच असेल तर निदान पंखा, त्याला फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट, आणि इंजिन थंड ठेवायला पाणी आत घेणारी जाळी तरी साफ करून घ्यावी. जाळी तुंबून इंजिन तापल्याचे फोन मला किती यायचे!

खरवडलेलं 'समुद्राचं समुद्रात' जातं, असंही लेखात म्हटलंय. ते इतकं सोपं असतं तर ट्रायब्युटिल टिनचं प्रकरण घडलंच नसतं. त्या कथिलयुक्त रंगाने बुडं वर्षानुवर्षं स्वच्छ राहिली, पण फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी झाली. 1982 साली फ्रान्सने लहान बोटींवर तो रंग बंद केला. 2001 साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2008 पासून तो लागू आहे. तांब्यावरही कॅलिफोर्नियात 2018 पासून मर्यादा आली, रंगातून ते किती वेगाने सुटावं याची. आणि निघालेल्या जिवांचं काय? लांबून आलेल्या बोटीचं बूड खरवडलं तर परमुलखातले जीव आपल्या पाण्यात सुटतात. म्हणूनच न्यूझीलंड 2018 पासून येणाऱ्या प्रत्येक जहाजाचं बूड स्वच्छ असण्याचा आग्रह धरतं. थर कोवळा असताना पुसला तर जे सुटतं ते थोडं आणि बहुतेक आसपासच्या पाण्यातलंच असतं.

लेखात पाणबुड्याचा उल्लेख फक्त 'दर पाडून घ्या' एवढाच आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. एकदा पंख्याच्या दोन पात्यांमध्ये माझा हात होता आणि शाफ्ट हलला. चार बोटं फिरला असेल, जास्त नाही. वर कुणीतरी पाहुण्याला गिअर दाखवत होतं. त्या दिवसापासून इंजिनाची किल्ली कमरेच्या पिशवीत घेतल्याशिवाय मी पाण्यात उतरलो नाही. धक्क्यावरून घेतलेली विजेची जोडणीही काढायला लावायचो, कारण गळकी वायर पाण्यातल्या माणसाला बधिर करते आणि तो हाकही न मारता बुडतो. नळीने हवा पुरवणारा कंप्रेसर असेल तर त्याचं तोंड धुराड्यापासून लांब हवं. आणि वर लक्ष ठेवायला एक माणूस हवाच. दर पाडला की हा वरचा माणूस सर्वांत आधी कमी केला जातो.

दर पाडण्यापेक्षा आधीचे आणि नंतरचे पाण्याखालचे फोटो मागा. ते आता कुणालाही काढता येतात, आणि रंग कुठे उडाला, जस्त किती उरलं हे त्यात दिसतं. जस्त अर्धं झिजलं की बदलायचं, संपेपर्यंत वाट पाहायची नाही.

जस्ताचा विषय निघालाच आहे तर शेवटची एक गोष्ट, जी आपण दुरुस्ती म्हणून छापावी अशी विनंती आहे. बूड रंगवताना 'जस्ताच्या गोळ्यांनाही दोन हात द्या' असं लेखात आलं आहे. रंगवलेलं जस्त काम करत नाही. पाण्याला उघडं असेल तरच ते स्वतः झिजून शाफ्ट आणि पंख्याला वाचवतं. पुरवणी वाचून कुणी रंगवलं असेल, तर बोट पाण्यात सोडण्याआधी पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करावा.

आपला,
एक निवृत्त पाणबुड्या