विषय: "१०० टक्के साफ" म्हणालात, मग आईला ते दिसलं कसं?

नमस्कार,

तुमचं ते पीसी क्लीनर मी मागच्या महिन्यात घेतलं, पेड व्हर्जन, एक वर्षाचं. पावती आणि स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. सपोर्टला तीन मेल करून झाले, तिन्हीला एकच उत्तर, "कृपया अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करा". म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तर लांबलं, वाचा.

आधी हे घेतलंच का ते सांगते. घरात कॉम्प्युटर एक, लॉगिन एक, सगळे तोच वापरतात. मला गाठ लागली होती, डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली, आणि रिपोर्ट येईपर्यंत आईला काही कळू द्यायचं नव्हतं कारण तिला बीपी आहे आणि ती आधी रडते मग ऐकते. रात्र रात्र बसून मी काय काय सर्च केलं ते माझं मला माहीत. ब्राउझरमधून हिस्टरी डिलीट करता येते हे मलाही माहीत होतं हो, पण तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं की ब्राउझरने पुसलं तरी लपलेल्या फाईली मागे राहतात आणि त्या फक्त तुम्हीच शोधून काढता. घाबरलेल्या माणसाला एवढं पुरतं.

फ्री स्कॅनमध्ये लाल अक्षरात आलं, १,८४३ प्रायव्हसी थ्रेट. नंतर यादी उघडून बघितली तर त्यातल्या बहुतेक साध्या कुकीज, म्हणजे साइटवर लॉगिन टिकून राहावं म्हणून असतात त्या, आणि बाकी चित्रांची कॅशे, म्हणजे साइट परत पटकन उघडावी म्हणून साठवलेल्या प्रती. त्यात थ्रेट कसला आलाय डोंबलाचा! पण तेव्हा कुठली अक्कल, पैसे भरले, क्लीन दाबलं, मोठ्ठी हिरवी टिक आली आणि खाली "१०० टक्के साफ, कुठलाही माग शिल्लक नाही". त्या रात्री मी खरंच निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी आई जुनी गाणी लावायला बसली. तिने वरच्या बारमध्ये एका बोटाने ग टाइप केला आणि खाली पहिलीच ओळ आली, "गाठ बायोप्सी रिपोर्ट किती दिवसांनी येतो". मी तिच्या मागेच उभी होते. तिने चष्मा वर केला, परत खाली केला, ओळ पुन्हा वाचली आणि मागे न बघता विचारलं, "हे तू शोधलंस का गं?" पुढचं तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही.

मग मी बसले शोधायला. तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये डीटेल्स नावाचं बारीक बटण आहे, करड्या रंगाचं, ते दाबल्यावर बऱ्याच खाली स्क्रोल केलं की एक ओळ सापडते, "हिस्टरी: स्किप्ड, फाईल इन यूज". म्हणजे ज्या एका फाईलसाठी मी पैसे भरले तीच तुम्ही सोडून दिलीत, आणि वर टिक हिरवी! क्रोमची विंडो बंद केली तरी तो मागे चालू राहू शकतो, त्याच्या सेटिंगमध्येच तसा पर्याय आहे, आणि तो चालू असेपर्यंत ती फाईल लॉक असते. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला तर माहीत असणारच ना, धंदाच तो आहे तुमचा. "आधी ब्राउझर पूर्ण बंद करा" एवढं एक वाक्य दाखवायला काय जात होतं?

आणि ती "लपलेली" फाईल मला दहा मिनिटांत सापडली. फाईल एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्सवर टिक केली, युजरच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा दिसायला लागलं, त्यात लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट, आणि तिथे हिस्टरी याच नावाची फाईल, पुढे एक्स्टेन्शनसुद्धा नाही. ती एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसची असते, कॉपी करून एका फुकट व्ह्यूअरमध्ये उघडली. माझं प्रत्येक सर्च ओळीने हजर, कितीदा उघडलं तो आकडासुद्धा, एका पानापुढे १४. तारखेच्या जागी सतरा आकडी संख्या होती, तर म्हणे १ जानेवारी १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद मोजतात. असो. फायरफॉक्सवालीपण बघितली, तिचं नाव प्लेसेस डॉट एसक्यूलाइट. आणि क्रोममध्ये गूगल अकाउंटला सिंक चालू असेल तर हिस्टरीची प्रत तिकडेही असते, इथली फाईल बाहेरून उडवून ती जात नाही, त्याबद्दल तुमच्या जाहिरातीत अवाक्षर नाही. शेवटी कंट्रोल शिफ्ट डिलीट दाबून, वेळ ऑल टाइम करून, ब्राउझरमधूनच पुसलं, अकाउंटवरच्या ॲक्टिव्हिटीमध्ये जाऊन तिथलंही पुसलं. फुकटात झालं सगळं.

तुम्ही जिचा एवढा गाजावाजा करता ती इंडेक्स डॉट डॅट, म्हणजे हिस्टरीची नोंद ठेवणारी फाईल, ती मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरच्या, इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातली. त्याच्या आवृत्ती १० पासून मायक्रोसॉफ्टनेच ती सोडली आणि वेबकॅश नावाच्या फोल्डरमध्ये वेगळा डेटाबेस आणला, आणि विंडोज १० वरचं इंटरनेट एक्सप्लोरर तर १५ जून २०२२ ला रिटायर झालं. माझ्याकडे तुम्हाला जी एक इंडेक्स डॉट डॅट "सापडली" ती एमएस ऑफिसच्या रिसेंट फोल्डरमधली निघाली!

तुमच्या श्रेडरबद्दल, म्हणजे फाईल कायमची पुसणाऱ्या भागाबद्दल, थोडक्यात. फाईलच्या जागेवर ३५ वेळा ओव्हरराइट करतो, म्हणजे वरून दुसरं काहीतरी लिहितो म्हणे. ही पद्धत संगणक सुरक्षेचे संशोधक पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या पेपरमधली, आणि आताच्या डिस्कवर ३५ वेळा लिहिण्यात काही अर्थ नाही हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलंय. त्यात माझी डिस्क एसएसडी, म्हणजे चिपवाली, तिच्यावर त्याच जागी परत लिहिलं जाईल याची खात्रीच नसते. पण तो श्रेडर रात्रभर घरघरत बसला, सकाळी पाहिलं तर ६ टक्के.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? जे पुसायचं ते राहिलं आणि जे ठेवायचं ते गेलं. सेव्ह केलेले पासवर्ड या चौकोनात तुम्ही आधीच टिक करून ठेवलेली, मी न बघता पुढे गेले, चूक माझीपण आहे. बाबांच्या बँकेपासून भावाच्या कॉलेजच्या पोर्टलपर्यंत सगळे पासवर्ड उडाले, दोन दिवस मी ओटीपी गोळा करत फिरत होते आणि घरात प्रत्येकजण मला विचारत होता, काय गं केलंस तू कॉम्प्युटरला. गुपचूप उरकायचं काम होतं, सगळ्या घराला कळलं.

तर आता मला पूर्ण पैसे परत पाहिजेत. पुढच्या वर्षीचं ऑटो रिन्यूअल आजच्या आज बंद करा, ते बंद करायचं बटण मला तुमच्या साइटवर कुठेच सापडलं नाही, यातच काय ते आलं. जी फाईल पुसता आली नाही ती वर लाल अक्षरात दाखवा, थ्रेट दाखवताना लाल रंग सापडतो ना तुम्हाला. पासवर्डवरची टिक काढून टाका, ज्याला पाहिजे तो स्वतः करेल. आणि उत्तर माणसाने लिहिलेलं पाठवा, परत इन्स्टॉल करा आलं तर थेट ग्राहक मंचात जाईन.

तुमची एक ग्राहक (होती)

ता.क. काल अनइन्स्टॉल केलं तरी तुमचं एक फोल्डर मागे राहिलंय. त्यात एक लॉग फाईल आहे, कुठल्या कुठल्या साइटच्या कुकीज पुसल्या त्याची तारीखवार यादी, साइटच्या नावासकट. हॉस्पिटलची वेबसाइट पाचव्या ओळीत आहे. ती फाईल कशी काढायची तेवढं उत्तरात लिहा.