बाबा, चूक कात्रीची नव्हती

सोलापूर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर पुन्हा तेच म्हणाले, "त्या छाटणीला कात्री धुतली असती तर डाळिंबाची बाग उपटावी लागली नसती." मला तेव्हा बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, कात्रीनं तेल्या हा जिवाणूचा रोग झाडावरून झाडावर जातो, हे खरं. पण फांदीलाच मुळं फुटवून केलेली ती गुटीची रोपं आणली तेव्हा आईनं एकेक पान उलटून पाहिलं होतं. जिवाणू आत शिरला तरी काही दिवस पानावर डाग उमटत नाही. जे डोळ्यांना दिसतच नाही, त्याचा दोष तुम्ही का घ्यायचा?

मी इथे त्याच जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, वाचायला शिकतेय. तेलकट डागाची कड कापून बशीत वाढवली, की दोन-तीन दिवसांत पिवळे, चकचकीत ठिपके येतात, आई, अगदी तुझ्या वरणाच्या थेंबांसारखे. त्याच्या झँथोमोनस या नावातच पिवळा रंग आहे. डीएनए काढताना गार अल्कोहोल ओतलं की नळीत पांढरे धागे तरंगतात, पिंजलेल्या कापसासारखे. पहिल्यांदा दिसले तेव्हा नळी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ उभी होते. एवढ्याशा जीवाचा मजकूर सुमारे 50 लाख अक्षरांचा! यंत्र तो तुकड्यातुकड्यांनी वाचतं, मग ते तुकडे संगणकावर जुळवायचे.

हा रोग आपल्या देशात नोंदला गेला 1952 साली, दिल्लीत. जीनोम जाहीर झाला 2012 साली. मधल्या साठ वर्षांत किती जणांनी बागा उपटल्या असतील!

जीनोम वाचला म्हणून फवारायचं औषध लगेच मिळत नाही, बाबा. पण फक्त याच जिवाणूत असलेला मजकूर सापडला, की त्यावर पीसीआर चाचणी बेतता येते, म्हणजे तेवढ्याच मजकुराच्या लाखो प्रती काढून तो पानात आहे का ते पाहायचं. मातृवृक्षाचं हिरवंगार पान तपासून मगच गुटी बांधायची. आपल्याला रोपं विकणाऱ्यानं असलं काहीच तपासलं नव्हतं. त्याचा मला अजून राग येतो.

शेजारच्या अण्णांच्या झाडांवर डाग दिसतायत म्हणालात. चार-पाच पानं वर्तमानपत्रात गुंडाळून सांगोल्याहून एसटीनं पाठवा. प्लॅस्टिकमध्ये नको, कुजतात. आणि त्यांच्या रानातून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय आपल्या नव्या झाडांत जाऊ नका.

तुमची,
माई