सेंट जॉनच्या काका, थँक्यू राहिलंच होतं

काका नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्या सेंट जॉन बेटावर, ॲनाबर्गच्या जुन्या ऊसमळ्याच्या पार्किंगमध्ये टॅक्सी निघून गेल्यावर घामाघूम उभी असलेली मराठी फॅमिली आठवतेय ना, नवरा टोपीने वारा घेतोय, मुलगी चिडलेली, आणि मी हात वर करकरून रेंज शोधतेय? तेच आम्ही. रेंज आली तीपण समोरच्या टोर्टोला या ब्रिटिश बेटाची, म्हणजे उभे अमेरिकेत आणि मेसेज ब्रिटिश रोमिंगचा! तुम्ही लांबूनच हसलात, म्हणालात इथे सगळ्यांचं असंच होतं, क्रूझ बे गावात मी सोडतो, पण आधी वर बघून तर घ्या.

खरं सांगते, आम्ही बीचसाठी आलेलो. अवशेष म्हणजे दोन फोटो आणि चला. पण पवनचक्कीच्या दगडी बुरुजानंतर ती रस उकळायची जागा दिसली आणि मी ओरडलेच, अहो हे तर गुऱ्हाळ! माझं माहेर कोल्हापूरकडचं, आमचं स्वतःचं गुऱ्हाळघर होतं. इथे एका रांगेत कढयांच्या गोल जागा, मोठीपासून लहानीपर्यंत, खाली जाळ, जाळाला चिपाडं, अगदी आमच्या चुलवाणासारखं. मग काय, काहील कशी उतरवतात, गुळव्या भेंडीचं पाणी घालून मळी कशी काढतो, काकवी, ढेप, सगळं सांगत सुटले, चरकात आजोबांची दोन बोटं गेली आणि इंजिन बंद करून अर्धं गाव त्यांना घेऊन मिरजेला पळालं तेपण सांगितलं. नवरा मागून खुणा करत होता आवर म्हणून. तुम्ही एकदाही थांबवलं नाहीत.

सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, की गुलामगिरीच्या काळात अशा चरकांजवळ कुऱ्हाड ठेवलेली असायची. हात रुळांमध्ये गेला तर खांद्यापर्यंत ओढला जायच्या आत तोडायचा. हंगामात काम रात्रंदिवस, झोपेने डोळे मिटले की संपलं. माझं तोंड बंद झालं ते बराच वेळ. मग तुम्ही भिंतीवर हात ठेवायला लावलात. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे ते दगड म्हणजे पोवळं, गुलामांनी समुद्रातून काढून आणलेलं, आणि मधल्या पिवळ्या विटा डेन्मार्कहून (बेट तेव्हा त्यांचंच) जहाजाच्या तळाशी वजन म्हणून आलेल्या. (हेच डॅनिश लोक आपल्या तमिळनाडूत थरंगमबाडीलाही किल्ला बांधून बसले होते, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.)

आणि ते टोर्टोला! तिकडे ब्रिटिशांनी 1834 ला गुलामगिरी संपवली, इकडे डॅनिशांकडे 3 जुलै 1848 उजाडला. चौदा वर्षं. मधे एवढीशी खाडी, रात्री तिकडचे दिवे दिसत असणार, लोक चोरलेल्या होड्यांतून पलीकडे जायचे, काही पोहायलाही उतरले. माझा फोन तर न विचारताच पलीकडे पोचला होता.

जीपमध्ये तुम्ही 1733 चं बंड सांगितलंत. नोव्हेंबरात कोरल बेच्या किल्ल्यात लोक सरपणाच्या मोळ्या घेऊन शिरले, मोळ्यांमध्ये ऊस तोडायचे कोयते, आणि मग कित्येक महिने बेट आवरेना, शेवटी मार्टिनिकहून फ्रेंच सैनिक आणावे लागले. मुलगी पहिल्यांदाच फोन खाली ठेवून ऐकत होती. आणि तेवढ्यात तुम्ही सहज विचारलंत, तुमच्याकडे ऊस कोण तोडतं?

मी म्हणाले बीडकडून टोळ्या येतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती सीझनभर फेडतात, उसाच्या कडेला पालं टाकून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला आम्ही 'एक कोयता' म्हणतो. हे इंग्लिशमध्ये सांगताना मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. दोन माणसं, आणि मोजायची म्हणून एक हत्यार. लहानपणापासून हा शब्द ऐकत आले, बाबा रोज विचारायचे आज किती कोयते आले, कधी काही वाटलं नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाहीये, तुम्हीही म्हणाला नाहीत, तिथे माणूस विकत घेतलेला होता. पण तुम्ही नुसतं 'हं' केलंत आणि वळणावर गिअर बदललात, ते 'हं' अजून डोक्यात आहे.

तर काका, त्या लिफ्टबद्दल थँक्यू, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत म्हणून थोडा रागपण. आणि माझी बडबड संपेपर्यंत थांबलात, लाज न वाटू देता पुढचं सांगितलंत, त्याबद्दल तर फारच थँक्यू. आईने पाठवलेली दोन किलोची ढेप न्यू जर्सीत फ्रीजवर ठेवलीय, पुढच्या फेरीला तुमच्यासाठी घेऊन येते. फक्त दुधाच्या चहात उकळू नका, चहा फाटतो.