भोंडला फोटोपुरता नको

संपादक महोदय, स. न. वि. वि.

नवरात्र आलं की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दांडियाचा डीजे, पास, वर्गणी सगळं महिनाभर आधी ठरतं आणि भोंडला मात्र कुणाला आठवलाच तर शेवटच्या दिवशी पंधरा मिनिटं, तोही मोबाईलवर गाणी लावून फोटोपुरता. दांडियाला विरोध अजिबात नाही हो, आम्हीपण खेळतो, पण भोंडला का खेळतात हे आपल्याच मुलींना कुणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं.

सूर्य साधारण 27 सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो, तेव्हाचा पाऊस रब्बीसाठी मोलाचा, म्हणून हस्ताचं प्रतीक असलेला हत्ती पाटावर काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. कोल्हापूरकडे याला हादगा म्हणतात, विदर्भ-खानदेशात भुलाबाई, तिथे शंकर-पार्वतीची मातीची जोडी बसवतात आणि कोजागिरीपर्यंत गाणी चालतात. सासरचा जाच मोकळेपणाने बोलायची बायकांना ती एक हक्काची जागा होती, गाण्यांत सासू-नणंदेला सोडलेलं नाही. आणि खिरापत! झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवायचा, गोड की तिखट एवढंच सांगायचं आणि ओळखायला लावायचं, लहान पोरी त्यात अशा रंगतात की विचारू नका. आता तिथे सरळ वेफर्सची पाकिटं वाटतात.

विनंती एवढीच, घटस्थापनेपासून रोज एकेका भागातलं गाणं तुमच्या पुरवणीत छापा, कुठल्या गावचं आहे तेही लिहा. आमच्याच बिल्डिंगमधल्या आज्यांना अख्खी गाणी पाठ आहेत, तुमचा बातमीदार पाठवा, त्या आनंदाने म्हणून दाखवतील.

— एक वाचक, कोथरूड, पुणे