परतीचे विमान एक दिवस आधी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर आपले बोलणे घाईत झाले, आणि फोन ठेवताना बाबा म्हणाले की हे सगळे एकदा नीट लिहून पाठव, म्हणजे चष्मा लावून सावकाश वाचता येईल. म्हणून हे पत्र. सर्वांत आधी एकच विनंती करते. ऑक्टोबरमधल्या आपल्या इटलीच्या सहलीबद्दल विमान कंपनीने पाठवलेल्या ई-मेलमध्ये खाली जे हिरवे ‘स्वीकारा’ बटण आहे, त्याला मी सांगेपर्यंत हात लावू नका. ते दाबले की हा बदल आपल्याला मान्य आहे अशी नोंद होते, आणि मग दुसरे विमान मागताना आपली बाजू लंगडी पडते. प्रवासाला अजून अडीच महिने आहेत, चार दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

बाबांनी पाठवलेला त्या ई-मेलचा फोटो मी मोठा करून पाहिला. वर ‘आपल्या प्रवासात किरकोळ बदल’ असे शीर्षक आहे. खाली बोलोन्याहून निघण्याची जुनी वेळ, १५.२०, फिकट अक्षरांत आणि रेघ मारून दिली आहे, तर शेजारी नवी वेळ, १५.३५, ठळक छापली आहे. पंधराच मिनिटांचा तर फरक, असे वाटून बाबांचे बोट बटणाकडे गेले असेल तर त्यात त्यांचा दोष नाही, कारण माझीही नजर आधी तासांवरच गेली. तारीख मात्र त्या वेळेच्या वर अगदी बारीक अक्षरांत आहे, आणि ती २९ ची २८ झाली आहे. म्हणजे आपले विमान पंधरा मिनिटे उशिरा नव्हे, तर जवळजवळ पूर्ण एक दिवस आधी निघणार आहे. याला किरकोळ म्हणणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचे आहे.

आता २८ तारखेला आपण काय ठरवले होते ते आठवा. त्या बुधवारी सकाळी मोदेनाजवळच्या चीजच्या डेअरीत जायचे आहे, आणि दुपारी ज्या खानावळीत मी मे महिन्यापासून तिघांची जागा राखून ठेवली आहे, तिथे निवांत जेवायचे आहे. नव्या वेळेप्रमाणे साडेबारापर्यंत विमानतळावर पोहोचावे लागेल. डेअरी धावतपळत उरकेल, जेवण बुडेल, आणि बाबांच्या गुडघ्यांचे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

डेअरीची वेळ पुढेमागे करता येत नाही, याचे कारणही सांगते. पार्मिज्यानो रेज्यानो हे चीज रोज फक्त सकाळीच तयार होते. आदल्या संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट टाक्यांत ठेवतात, वर आलेली साय काढून घेतात आणि सकाळच्या ताज्या दुधात ते मिसळतात. तांब्याच्या मोठ्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या भांड्यात ते विरजले की, गोल पिंजऱ्यासारख्या एका अवजाराने त्याचे बारीक कण करतात आणि ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. कण तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. मग दोन माणसे तो लिननच्या कापडात धरून वर उचलतात आणि मोठ्या सुरीने मधोमध कापतात. या दोन तुकड्यांना तिथे ‘जुळी’ म्हणतात. प्रत्येकातून सुमारे ४० किलोचे एक चाक तयार होते, आणि त्यासाठी सुमारे ५५० लिटर दूध लागते. हा गोळा वर येण्याचा क्षण आईला दाखवायचा, एवढ्यासाठी मी ही सहल आखली असे म्हटले तरी चालेल. दुपारी गेलो तर धुतलेल्या फरश्या बघून परत यावे लागेल. (आई, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: हे चीज विरजण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. चव घ्यायची की नुसते पाहायचे, ते तू घरूनच ठरवून ये.)

हा बदल आपल्याच वाट्याला का आला, असे बाबांनी विचारले. याचे उत्तर आपण निवडलेल्या आठवड्यात आहे. विमान कंपन्यांचे वर्ष दोन हंगामांत विभागलेले असते. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या वर्षी तो रविवार २५ तारखेला येतो. आपण २१ ला निघतो ते उन्हाळी वेळापत्रकात, आणि परततो ते हिवाळी वेळापत्रकात. तिकिटे मात्र मी जानेवारीतच काढली होती. कंपन्या सुमारे अकरा महिने आधी विक्री सुरू करतात, तर गर्दीच्या विमानतळांवर हिवाळ्यात कोणाला कोणती वेळ मिळणार याची मोठी बैठक होते जूनमध्ये. त्यामुळे जानेवारीत आपण जे विकत घेतले, ते प्रामाणिकपणे सांगायचे तर परतीचे आश्वासन होते, वेळापत्रक नव्हते. शिवाय त्याच रविवारी पहाटे युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात. आपला मधला थांबा ज्या देशात आहे तिथे घड्याळ बदलत नाही, म्हणून पुढच्या विमानाशी जोड साधायला कंपनीला वेळा सरकवाव्याच लागतात. आपल्या बाबतीत भर एवढीच की, हिवाळ्यात मागणी घटते म्हणून गुरुवारचे विमानच काढून टाकले आहे, आणि त्या दिवसाच्या प्रवाशांना आदल्या दिवशीच्या विमानात बसवले आहे.

मग नेमका हाच आठवडा का धरला, असे तुम्ही म्हणाल. पांढऱ्या ट्रफल या सुगंधी बुरशीसाठी. आल्बा शहरातल्या ट्रफलच्या जत्रेतला बाजार शनिवारी आणि रविवारी भरतो, आणि ही बुरशी काही दिवसांतच आपला गंध गमावते, त्यामुळे ती डब्यात भरून आणून घरी खाता येत नाही. तिच्यापाशी आपणच जावे लागते. ऑक्टोबर संपत आला की तिचा हंगाम रंगात येतो आणि त्याच सुमारास विमानांचे वेळापत्रक उलटते. खाण्यासाठी सर्वांत चांगला आणि विमानांसाठी सर्वांत बेभरवशाचा असा एकच आठवडा मी हट्टाने निवडला. तो सोडण्यापेक्षा त्याला सांभाळून घेणे मला बरे वाटले.

सांभाळून घेणे म्हणजे काय, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी ल्यों शहरात मी पोहोचण्याच्याच संध्याकाळी एका नावाजलेल्या ठिकाणी जेवणाची जागा राखली होती, आणि पैसे वाचवण्यासाठी दोन विमानांची दोन वेगळी तिकिटे काढली होती. पहिल्या कंपनीने वेळ पाच तासांनी पुढे ढकलली. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने मी वेळेवर न आलेली प्रवासी ठरले आणि माझे तिकीट वाया गेले. नवे तिकीट काढून रात्री उशिरा पोहोचले, तोवर स्वयंपाकघर बंद झाले होते आणि न गेल्याबद्दलची रक्कम कार्डावरून वळती झाली होती. त्या रात्री माझे जेवण म्हणजे विमानतळावरच्या यंत्रातून काढलेले गारढोण सँडविच होते. म्हणून या वेळी जाणे-येणे सगळे एकाच पीएनआरवर आहे. मिलानला उतरायचे आणि बोलोन्याहून परतायचे असले तरी तिकीट एकच, त्यामुळे मधली जोड तुटली तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मी जेवणाची एकही पक्की वेळ ठेवलेली नाही. आई विचारत होती की मिलानची पहिली संध्याकाळ इतकी मोकळी का सोडली आहेस, तर ती यासाठी. सहा तासांचा बदल त्या मोकळ्या दिवसांत मुरला असता. संपूर्ण दिवसच कोणी उचलून नेईल, हे मात्र मी धरले नव्हते.

आता उपाय. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आपल्या परतीच्या प्रवासाला लागू आहे, कारण आपण युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघतो. कंपनी कुठल्या देशाची आहे याने तिथे फरक पडत नाही. जातानाच्या प्रवासाला तो लागू नाही, कारण आपली कंपनी युरोपातली नाही. युरोपीय न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये असाही निर्णय दिला की, विमान एक तासाहून अधिक आधी निघणार असेल तर ते रद्द झाले असेच धरायचे. चौदा दिवसांहून अधिक आधी कळवल्यामुळे नुकसानभरपाईची रक्कम मिळणार नाही, तिची आशा बाबांनी सोडून द्यावी. परंतु पैसे परत घ्यायचे, की लवकरात लवकर दुसऱ्या मार्गाने जायचे, की जागा असेल तर आपल्या सोयीच्या पुढच्या तारखेला जायचे, ही निवड आपली असते, कंपनीची नव्हे. त्यातला तिसरा पर्याय मी घेणार आहे. शुक्रवारी, ३० तारखेला, त्याच मार्गावर विमान आहे आणि आज दुपारी पाहिले तेव्हा जागाही दिसत होत्या.

उद्या सकाळी मी कंपनीशी बोलेन आणि फरकाचे भाडे न भरता ३० तारीख मागेन. पहिल्याच माणसाने नाही म्हटले तर शांतपणे फोन ठेवून पुन्हा लावायचा, हा माझा अनुभव आहे, कारण दुसऱ्या माणसाला बहुधा नियम माहीत असतो. तारीख बदलली की तिकीट नव्याने काढून घ्यावे लागते. नुसत्या बुकिंगमध्ये नवे विमान दिसते, पण तेरा अंकी ई-तिकीट जुन्याच विमानाचे राहते, आणि ते विमानतळाच्या काउंटरवर उघडकीला येते, असे होऊ शकते. म्हणून नवी पावती हातात आल्याखेरीज मी काम झाले असे म्हणणार नाही.

यापेक्षाही मला काळजी आहे ती सोबतच्या विनंत्यांची. विमान बदलले की निवडलेल्या जागा, आईचे शाकाहारी जेवण आणि बाबांची व्हीलचेअर हे सगळे नव्या विमानावर आपोआप येईलच असे नाही. बाबा, व्हीलचेअर घ्यायला तुम्ही संकोचता हे मला ठाऊक आहे, पण मधल्या विमानतळावर एका टोकाच्या गेटपासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणे म्हणजे गावाला फेरी मारण्यासारखे आहे. ही मदत युरोपात निघण्याच्या किमान ४८ तास आधी मागावी लागते. मी ती नव्याने नोंदवीन आणि तिन्ही गोष्टी नव्या पावतीवर दिसतात का ते तपासून तुम्हाला कळवीन.

निवासाचे म्हणाल, तर बोलोन्यातली एक रात्र वाढेल, ती मी आजच राखून ठेवली आहे आणि ती रद्दही करता येते. एक दिवस जास्तीचा मिळाला तर त्यात काहीही ठरवायचे नाही, असे मी ठरवले आहे. मंगळवारी मोदेनात व्हिनेगरचा पोटमाळा पाहणार आहोत, तिथे शिजवलेला द्राक्षरस लाकडी पिंपांत कमीत कमी बारा वर्षे आणि काही पिंपांत पंचवीस वर्षे मुरवतात. ते पाहून झाल्यावर एक दिवस नुसते बाकावर बसून राहायला आपल्याला जड जाणार नाही.

सप्टेंबरमध्ये असाच आणखी एखादा ई-मेल येऊ शकतो. आला तर त्यातल्या दुव्यावर जाऊ नका, कारण असे खोटे ई-मेलही फिरत असतात. मला फक्त फोटो पाठवा, आणि फोटोत तारीख दिसेल असा काढा. मी स्वतः दर पंधरा दिवसांनी कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडून पाहतेच आहे. ल्योंनंतर मला ती सवयच लागली आहे.

प्रकृतीला जपा. बाबांनी गुडघ्याचे व्यायाम चालू ठेवावेत. कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी

ता. क. : शनिवारी, २४ तारखेला, आल्बात झोपण्यापूर्वी बाबांनी मनगटावरचे घड्याळ एक तास मागे करावे. फोन आपोआप बदलेल, पण बाबा फोनवर विश्वास ठेवत नाहीत, आणि मनगटावरचे घड्याळ तसेच राहिले तर रविवारी मग आपण तिघेही ट्रफलच्या बाजारात तो उघडण्याच्या एक तास आधीच जाऊन उभे राहू.