ताई, आईची गिरकी आता अडखळत नाही

नमस्कार ताई,

आपण कधी भेटलो नाही, तुमचा आवाजही मी ऐकलेला नाही. तरी आईच्या नाचाचं जुनं रेकॉर्डिंग दुरुस्त करायला निरोपांतून मदत करताना गेले तीन आठवडे तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आहात असंच मला वाटत होतं. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. जुनी रेकॉर्डिंग घेऊन हताश झालेल्या आणखी कुणाच्या नजरेला ते पडलं तर बरंच.

पंधरा वर्षांपूर्वी आईचा नाच टीव्हीवर दाखवला होता. बाबांनी तो संगणकातल्या ट्यूनर कार्डवरून (टीव्हीचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या कार्डवरून) रेकॉर्ड केला. तेवढी एकच प्रत. मी तिची एमपी४ फाइल केली, तर आई स्थिर उभी असेपर्यंत चित्र छान आणि गिरकी सुरू झाली की हातांच्या कडांना कंगव्यासारखे दात! ‘डीइंटरलेस’ची, म्हणजे दोन भागांत टिपलेल्या ओळींचं सलग चित्र करण्याची, खूण करून पाहिली. दात बरेच कमी झाले, पण गिरकी अडखळायला लागली. रेकॉर्डिंगच खराब असणार, असं मी धरून चालले होते.

तुम्ही मात्र पहिल्याच निरोपात विचारलंत, “मूळ टीएस फाइल आहे ना अजून? ती पुसू नका.” ते वाचून माझ्या काळजात धस्स झालं. टीएस म्हणजे बाबांनी रेकॉर्ड केलेली मूळ फाइल. डिस्कवर जागा हवी म्हणून मी ती त्याच आठवड्यात काढून टाकणार होते.

मग तुम्ही जे समजावलंत, ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. या प्रक्षेपणात सेकंदाला २५ फ्रेम असल्या, तरी प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या, १/५० सेकंदाच्या अंतराने. म्हणजे आईची हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली होती आणि मी त्यातली निम्मी फेकून देत होते. डीइंटरलेस करणारा याडिफ फिल्टर नुसता लावला तर दर फ्रेममागे एकच चित्र देतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही त्याच कामाचा दुसरा फिल्टर, बीडब्ल्यूडीआयएफ, लावायला सांगितलंत. तो मुळातच दर फील्डमागे एक पूर्ण चित्र देतो, सेकंदाला ५०. उरलेले दात कुठून येत होते, तेही तुम्हीच शोधलंत. मी आधी चित्राची उंची कमी करत होते आणि नंतर डीइंटरलेस. उंची बदलताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि दोन क्षण एकदा कालवले गेले की ते वेगळे करता येत नाहीत.

तरीही पहिल्या प्रयत्नात आई पुढे-मागे थरथरत होती. तुम्ही म्हणालात, एकेक चित्र पुढे सरकवून बघा. हात पुढे जाऊन पुन्हा मागे येत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागलाय. तसंच निघालं. ‘टॉप फील्ड फर्स्ट’, म्हणजे सगळ्यात वरच्या ओळीचं फील्ड आधी, असं केलं आणि थरथर थांबली.

आवाजाचं दुखणं वेगळंच होतं. टीएस फाइल १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांची बनलेली असते आणि सिग्नल कमजोर पडला की त्यातली काही हरवतात. माझी जुनी पद्धत उरलेल्या फ्रेम एकाला एक चिकटवून मोकळी व्हायची, म्हणून शेवटाकडे पावलं तालाच्या पुढे धावायची. चित्राला आणि आवाजाला वेळेचे शिक्के असतात, सेकंदाच्या ९०,००० व्या भागात मोजलेले. ते शिक्के पाळून आधी फाइल दुरुस्त करायची आणि मगच रूपांतर करायचं, हा तुमचा आग्रह होता. त्यासाठी माझ्या फाइलमधल्या चुकांची अख्खी यादी तुम्ही रात्री बसून वाचलीत. एका अनोळखी बाईच्या आईसाठी कोण एवढं करतं?

त्याच डिस्कवर एक चित्रपटही होता. त्यालाही हेच करायला निघाले, तर तुम्ही थांबवलंत. तिथे दोन्ही फील्ड एकाच क्षणाची होती, नुसती जोडली की पुरे.

शेवटी एच.२६४ (चित्र दाबून साठवायची पद्धत), सीआरएफ १८ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा), सेकंदाला ५० फ्रेम. मूळ फाइल आता दोन वेगवेगळ्या डिस्कवर आहे, तुम्ही सांगितलंत तशी.

रविवारी आईला दाखवलं. पहिल्या गिरकीला ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या गिरकीला म्हणाली, “थांब, मागे घे.” मी मागे घेतलं. स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन तिने पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, “डावा पाय उशिरा टेकला गं माझा.” आधीच्या फाइलमध्ये तो पाय दिसतच नव्हता, ताई.

तुमची मनापासून ऋणी,
एका नर्तकीची लेक